सायकलस्वाराचा खुराक

रविवारीं पहांटे ठाण्याहून भिवंडीच्या बाजूस जाणाऱ्या आग्रा रस्त्यावर, अथवा कल्याणहून मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जो कोणी घटकाभर उभा राहील, त्याला सायकलस्वारांचे थवेच्या थवे जातांना दिसतील. डोक्यावर शिरस्त्राण, पाठीमागें तांबडा दिवा आणि दांडीला अडकविलेली पाण्याची बाटली, असा त्यांचा थाट असतो. ह्यांतील बहुतेक मंडळी आठवड्याचे सहा दिवस खुर्चीवर बसून काम करणारी. डोंबिवलीहून सकाळची लोकल धरणारा कारकून, ठाण्याच्या बँकेंतील अधिकारी, कल्याणचा एखादा डॉक्टर, हीं माणसें सातव्या दिवशीं येऊरची टेकडी चढतात, किंवा कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी गांठतात. कांहीं तर २०० किलोमीटरांचें अंतर साडेतेरा तासांच्या आंत तोडावयाचें, अशा नियमाच्या लांब सफरींत भाग घेतात. पुढें ३०० किलोमीटरांस २० तास, ४०० किलोमीटरांस २७ तास आणि ६०० किलोमीटरांस ४० तास, अशी ती चढती भाजणी असते.

घरीं परतल्यावर पाय शिशासारखे जड होतात. अशा वेळीं फडताळावरचा एक भला मोठा डबा खालीं येतो. त्यांतील एक-दोन मापें पावडर दुधांत किंवा पाण्यांत घुसळून प्यावयाची, म्हणजे झिजलेले स्नायु पुन्हां भरून येतात, असा आजच्या तरुणांचा विश्वास आहे. घरांतील वडील माणसें साहजिकच विचारतात कीं, ह्या डब्यांत असें काय आहे, जें वरणभातांत नाहीं? प्रश्न साधा आहे, परंतु त्याचें समाधानकारक उत्तर मिळविण्यास शास्त्राला सुमारें सव्वाशें वर्षें लागलीं. आणि तें उत्तर ज्यांनीं मिळविलें, त्यांपैकीं कित्येकांनीं तें सायकलवर बसूनच मिळविलें, ही ह्या इतिहासांतील मौजेची गोष्ट आहे.

खुराक हा शब्द महाराष्ट्राच्या कानीं रुळला तो तालमींतून. जेवण सर्वांचें, पण खुराक पहिलवानाचा. जोर-बैठका आणि लढती झाल्यावर दूध, तूप, बदामाची थंडाई, आणि ज्यांस चालेल त्यांस मटण व अंडीं, असा हा खुराक असे. कोल्हापूरच्या शाहूमहाराजांनीं मल्लविद्येला राजाश्रय दिला, आणि १९१२ सालीं तेथें खासबागेचें मैदान उभें राहिलें. पुढें कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत कुस्तीचें ब्राँझपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक होय. अशा यशामुळें ‘दूध प्यावें आणि बळ कमवावें’ ही समजूत घरोघर दृढ झाली. कल्याणांतहि दूधनाका नांवाची वस्ती आहे. दुधाचा हा मान तेथील नांवांत अजून टिकून आहे.

मुंबईच्या सायकलस्वारांचा पहिला मोठा पराक्रमहि अशाच बलोपासकांच्या हातून घडला. मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबाचे सहा पारशी तरुण १९२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत सायकलवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकीं अदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे सुमारें ७१ हजार किलोमीटरांचा प्रवास पुरा करून १९२८ सालीं परत आले. वजन उचलणारा आणि सायकल हांकणारा येथें एकाच आखाड्यांतून बाहेर पडले. तेव्हां दोघांचा खुराकहि एकच असावा, असें कोणासहि वाटावें. आजच्या डब्यामागेंहि हाच समज आहे. तो कितपत खरा आहे, हें पाहण्यासाठीं थोडें मागें युरोपांत जावें लागतें.

हॉलंडांतील मुल्डर नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १८३८ सालीं ‘प्रोटीन’ हा शब्द प्रथम छापला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अग्रमानाचें असा आहे. चार वर्षांनीं, १८४२ मध्यें, जर्मनीचे विख्यात रसायनशास्त्रज्ञ लीबिग ह्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, स्नायु काम करतो तेव्हां तो स्वतःचेंच मांस जाळतो. म्हणून श्रम करणाऱ्यानें मांसासारखें नत्रयुक्त अन्न भरपूर खावें. उपपत्ति सुटसुटीत होती आणि नांव मोठें होतें. तेव्हां ती पटण्यास उशीर लागला नाहीं. १८६५ सालीं लीबिगच्या नांवानें मांसाचा अर्क विकणारी कंपनी निघाली आणि दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे देशांत तिचा कारखाना चालूं लागला. घट्ट, काळसर अर्काच्या त्या बरण्या दूरदूरच्या देशांत गेल्या. नवल असें कीं, त्या अर्कांत चव होती, वास होता, परंतु ज्या प्रोटीनाचा एवढा महिमा गाइला गेला, तें मात्र त्यांत फारच थोडें उरलें होतें. शास्त्राचें अर्धें सत्य बरणींत भरून विकण्याचा हा पहिला मोठा व्यापार म्हणावयास हरकत नाहीं.

त्याच वर्षीं ह्या मताला धक्का बसला. झुरिच येथील आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस ह्या दोन अध्यापकांनीं ३० ऑगस्ट १८६५ रोजीं स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न पर्वत चढावयाचें ठरविलें. सरोवराच्या कांठापासून शिखरापर्यंतची चढाई १,९५६ मीटरांची. आपलें कळसूबाईचें शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे, म्हणजे ही चढाई त्याहूनहि अधिक. चढाईच्या आदल्या दिवसापासून त्यांनीं प्रोटीनाचा अंशहि नसलेलें अन्न घेतलें. पिठुळ सत्वाच्या चरबींत तळलेल्या वड्या आणि साखर घातलेला चहा, हाच त्यांचा मुख्य आहार. लघवींतील नत्राचें प्रमाण मोजून शरीरांत किती प्रोटीन जळलें, ह्याचा त्यांनीं हिशेब मांडला. दुसऱ्याच वर्षीं इंग्लंडांतील फ्रँकलंड ह्यांनीं अन्नपदार्थांची उष्णता मोजून दिली, तेव्हां दिसून आलें कीं, जळलेल्या प्रोटीनांतून मिळूं शकणारी शक्ति चढाईला लागलेल्या शक्तीच्या सुमारें निम्मीच होती. बाकीचें काम अर्थातच पिष्ट, साखर आणि स्निग्ध पदार्थ ह्यांवर झालेलें होतें. स्नायु स्वतःस जाळून काम करतो, हें मत त्या डोंगरावरच ढासळलें.

आतां सायकलीची पाळी आली. अमेरिकेंत अ‍ॅटवॉटर ह्या शास्त्रज्ञानें माणूस आंत राहूं शकेल अशी एक बंद खोली बांधली आणि तींत एक स्थिर सायकल बसविली. आंतला माणूस पॅडल मारी, आणि त्याच्या शरीरांतून निघणाऱ्या उष्णतेचा बाहेरून हिशेब होई. पुढें १८९८ सालच्या डिसेंबरांत न्यूयॉर्क शहरीं सहा दिवसांची सायकल-शर्यत झाली. पहिला आलेला स्पर्धक सहा दिवसांत २ हजार मैलांहून अधिक धांवला. शर्यतींतील तिघांनीं काय खाल्लें, ह्याची नोंद अ‍ॅटवॉटर आणि त्याचा सहकारी शेरमन ह्यांनीं ठेवली, त्यांच्या उत्सर्गाचें पृथक्करण केलें आणि १९०१ सालीं तें प्रसिद्ध केलें. प्रोटीनाचा आहार भरपूर असूनहि शरीरांत आलेल्या नत्रापेक्षां बाहेर गेलेलें नत्र अधिक होतें. म्हणजे फिक आणि विस्लिसेनुस ह्यांचें म्हणणें खरें असलें, तरी फार दीर्घ श्रमांत शरीर आपल्या प्रोटीनालाहि हात घालतें, ही दुसरी बाजूहि पुढें आली. गाडी चालते ती इंधनावर. परंतु इंधन अपुरें पडलें तर माणूस गाडीच्या फळ्याहि जाळूं लागतो, तशांतली ही गोष्ट.

मात्र बाजाराला ह्या दोन बाजूंचा तोल सांभाळण्याची गरज वाटली नाहीं. १९०० सालच्या सुमारास प्लाझमॉन नांवाची दुधाच्या प्रोटीनाची पावडर जर्मनींतून इंग्लंडांत आली. लोणी काढलेल्या दुधांतील केसीन वाळवून ती करीत. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या शॅकल्टनच्या तुकडीनें तिचीं बिस्किटें बरोबर नेलीं होतीं. अमेरिकेचा विनोदी लेखक मार्क ट्वेन ह्यानें तर ह्या धंद्यांत पैसा घातला आणि तो बुडविला. एकीकडे माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरी लोकप्रिय होत होत्या. १८७३ मध्यें हॉर्लिक बंधूंनीं अमेरिकेंत चालूं केलेला धंदा अखेर आपल्या मध्यमवर्गीय घरांच्या कपाटांत येऊन पोंचला. १९४८ सालीं भारतांत कॅडबरीची कंपनी स्थापन झाली. पुढें ठाण्यांत तिचा कारखाना झाला आणि त्यावरून हमरस्त्यावरील एका चौकाला कॅडबरी नाका हें नांव पडलें. जुन्या ठाण्याच्या भूगोलांत अशा रीतीनें डब्यांतल्या खुराकानें आपली खूण उमटविली आहे.

इकडे शास्त्राचें काम चालूच होतें. फ्रान्सचे क्लोद बेर्नार ह्यांनीं १८५७ सालीं यकृतांत सांठविलेली एक प्रकारची शर्करा शोधून काढली होती. तिला ग्लायकोजेन म्हणतात. स्नायूंतहि तिचा सांठा असतो, हें पुढें समजलें. परंतु जिवंत माणसाच्या स्नायूंत ती किती आहे, हें पाहावें कसें? स्वीडनच्या योनास बेर्गस्ट्रॉम ह्या डॉक्टरनें १९६२ सालीं सुईनें मांडीच्या स्नायूचा कणभर तुकडा काढण्याची रीत प्रचारांत आणली. नंतर १९६६ सालीं तो आणि त्याचा सहकारी एरिक हुल्टमन ह्या दोघांनीं एक चमत्कारिक प्रयोग केला. एका सायकलच्या दोन बाजूंस दोघे बसले आणि प्रत्येकानें एकाच पायानें पॅडल मारलें. दुसरा पाय स्वस्थ. पाय अगदीं गळून गेल्यावर दोन्ही पायांचा स्नायु तपासला. श्रमलेल्या पायांतील शर्करासंचय जवळजवळ संपलेला होता, आणि विसावलेल्या पायांतील तसाच होता. मग तीन दिवस त्यांनीं पिष्टमय अन्न भरपूर खाल्लें. विसावलेल्या पायांतील सांठ्यांत फारसा फरक पडला नाहीं. श्रमलेल्या पायांतील सांठा मात्र त्याच्या सुमारें दुप्पट झाला. म्हणजे ज्या पायानें काम केलें, तोच रिकाम्या कोठारासारखा अन्न ओढून घेतो, आणि जें ओढून घेतो तें मुख्यतः भात-भाकरीचें सत्व असतें.

वर सांगितलेल्या सव्वाशें वर्षांच्या शोधाचें फळ तें हेंच. कुस्तीगिराला शरीर वाढवावयाचें असतें. सायकलस्वाराला आधीं रिकामें झालेलें कोठार भरावयाचें असतें. चार-सहा तास सायकल चालविणाऱ्याचा खुराक हा प्रथम इंधनाचा आणि नंतर डागडुजीचा. केवळ प्रोटीनाची पावडर पाण्यांतून पिऊन जो झोपी जातो, त्यानें गवंडी बोलावला खरा, पण कोठार रिकामेंच ठेवलें.

हा सांठा केव्हां भरावा, ह्याचाहि शोध लागला आहे. अमेरिकेंत टेक्सास येथें जॉन आयव्ही ह्यांनीं १९८८ सालीं सायकलस्वारांवरच दाखविलें कीं, श्रम संपतांक्षणींच शर्करायुक्त आहार घेतला तर तो दोन तासांनीं घेतलेल्या आहारापेक्षां अधिक वेगानें स्नायूंत जमा होतो. परंतु ह्या घाईचें महत्त्व ज्याला त्याच दिवशीं पुन्हां शर्यत धांवावयाची आहे त्याला. रविवारीं माळशेज चढून सोमवारीं कचेरींत बसणाऱ्याला पुरा दिवस मोकळा असतो. त्यानें दुपारीं पोटभर जेवून रात्रींहि नीट जेवलें, तर त्याचा सांठा आपोआप भरून येतो. अर्ध्या तासाच्या आंत डबा उघडला नाहीं तर सारा व्यायाम फुकट गेला, ही भीति निराधार आहे.

आतां अंगदुखीचें. पूर्वीं असें समजत कीं, श्रमानें स्नायूंत दुग्धाम्ल सांठतें आणि तेंच दुसऱ्या दिवशीं दुखतें. वस्तुतः तें आम्ल विश्रांति मिळतांच तासाभरांत बव्हंशीं निघून जातें. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं येणारें दुखणें स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या सूक्ष्म चिरांमुळें येतें, असें थिओडोर हफ ह्या अमेरिकन संशोधकानें १९०२ सालींच सुचविलें होतें. अशा चिरा विशेषेंकरून स्नायु ताणला जात असतां काम करतो तेव्हां पडतात. कल्याणजवळचा मलंगगड उतरून आलेल्या माणसाच्या मांड्या दोन दिवस कां भरून येतात, ह्याचें कारण हेंच. उतरतांना मांडीचा स्नायु लांबत असतां शरीराचा भार पेलीत असतो. सायकलचें पॅडल दाबतांना मात्र स्नायु आखडत काम करतो. म्हणून संवयीच्या सायकलस्वाराला चिरांची डागडुजी गड उतरणाऱ्यापेक्षां कमीच करावी लागते. तथापि ती करावी लागत नाहीं असें नव्हे, आणि तिला प्रोटीन लागतें, हेंहि तितकेंच खरें.

तें किती लागतें? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागें रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन ठरविलें. ६० किलो वजनाच्या माणसास तें सुमारें ५० ग्रॅम होतें. नियमानें कठोर व्यायाम करणाऱ्यासाठीं क्रीडा-आहाराचे तज्ज्ञ दर किलोला १.४ ग्रॅम आणि त्याहून थोडें अधिक सांगतात. म्हणजे त्याच माणसाला ८४ ग्रॅमांच्या पुढें. आतां घरचा हिशेब करूं. अर्धा लिटर दूध १७ ग्रॅम, ५० ग्रॅम फुटाणे ११ ग्रॅम, ५० ग्रॅम शेंगदाणे १२ ग्रॅम, दिवसभरांत ७५ ग्रॅम डाळ किंवा उसळीचें कडधान्य १७ ग्रॅम, आणि ३०० ग्रॅम तांदूळ, गहूं व ज्वारी मिळून २७ ग्रॅम. बेरीज ८४ ग्रॅम होते. ह्यांत कोठेंहि डबा नाहीं. ज्यांस चालतें त्यांनीं एका अंड्याचे सहा-सात ग्रॅम त्यांत मिळवावे. खाडीकांठच्या आगरी-कोळी घरांत तर सुके बोंबील असतात, आणि त्यांत वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग प्रोटीनाचाच असतो.

ह्या हिशेबावर एक आक्षेप येतो: वनस्पतींचें प्रोटीन कमी प्रतीचें नव्हे काय? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. तांदळाच्या प्रोटीनांत लायसीन नांवाचा घटक अपुरा असतो. डाळींत तो मुबलक असतो, पण तिच्यांत मेथिओनीन अपुरें पडतें. भात आणि वरण एकत्र आले म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपल्याकडे ह्या विषयावर झालेलें काम सर्वांनीं जाणून घ्यावें असें आहे. कुन्नूर येथें रॉबर्ट मॅकॅरिसन ह्यांनीं भारतांतील निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांस देऊन त्यांची वाढ मोजली. गहूं, दूध, डाळी आणि भाजीपाला असलेला शीखांचा आहार सर्वांत श्रेष्ठ ठरला, त्याखालोखाल पठाणांचा आणि तिसरा मराठ्यांचा. मुंबईंत डॉ. कमला सोहोनी (१९११–१९९८) ह्यांनीं केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन परत आल्यावर कडधान्यांच्या प्रोटीनांचा अभ्यास केला. कच्च्या कडधान्यांत प्रोटीनाच्या पचनास अडथळा करणारें द्रव्य असतें, ह्याविषयींहि त्यांनीं आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीं संशोधन केलें. हा अडथळा नीट शिजविल्यानें बव्हंशीं नाहींसा होतो. ठाणें जिल्ह्यांत वाल भिजवून, मोड आणून, सोलून त्यांचें बिरडें करण्याची जी खटपट गृहिणी पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या, ती किती शहाणपणाची होती, हें त्यावरून ध्यानांत येतें.

पावडर ही वस्तु आपल्या देशाला परकी आहे, असेंहि समजूं नये. म्हैसूर येथें १९५० सालीं स्थापन झालेल्या अन्नतंत्र संशोधन संस्थेनें शेंगदाण्याच्या पेंडीचें पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचें पीठ एक भाग असें मिश्रण करून बहुगुणी अन्न तयार केलें होतें. तें शर्यतवीरांसाठीं नव्हतें. ज्यांच्या ताटांत डाळ पोंचत नव्हती, अशा मुलांसाठीं होतें. खरी उणीव कोठें आहे, ह्याचा विचार येथें करणें प्राप्त आहे. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी भागांत कुपोषणानें अनेक बालकें दगावलीं. तो तालुका त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांतच होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ मध्यें. ज्या जिल्ह्याच्या एका टोकाला प्रोटीन-पावडरीचे डबे रचलेले दिसतात, त्याच्याच दुसऱ्या टोकाला मुलांना पोटभर अन्न मिळालें नाहीं. तेव्हां पूरक आहार ह्या शब्दाचा मूळ अर्थ विसरूं नये: जेथें उणें आहे तेथें जें पुरवावयाचें, तें पूरक.

आजच्या डब्यांत बहुधा व्हे, म्हणजे दूध नासवून चीज केल्यावर उरणाऱ्या पाण्यांतील प्रोटीन असतें. आयुर्वेदांत दह्यावरच्या निवळीस मस्तु म्हणतात आणि तें पथ्यकर मानलें आहे; स्वित्झर्लंडमधील गाइस गांवीं अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत असें पाणी पिऊन प्रकृति सुधारण्यासाठीं लोक जात. नंतरच्या काळांत चीजच्या कारखान्यांत ह्या पाण्याचें काय करावें ही मोठी अडचण होऊन बसली. तें गाळून, वाळवून विकण्याची युक्ति निघाली आणि टाकाऊ वस्तु महाग झाली. ह्याचा अर्थ ती वाईट आहे असा नव्हे. व्हे लौकर पचतें, त्यांत आवश्यक घटक पुरेपूर असतात, आणि ज्याला दिवसभर धांवपळींत नीट जेवतां येत नाहीं, किंवा ज्या वृद्धाची भूक मंदावली आहे, त्याला वैद्याच्या सल्ल्यानें तें उपयोगी पडूं शकतें. शुद्ध असेल तर तें दुधाचेंच एक रूप होय, आणि दुधाएवढेंच त्याचें काम. त्यांत मंत्र नाहीं.

परंतु ‘शुद्ध असेल तर’ ह्या तीन शब्दांतच सारी मेख आहे. २०२४ सालीं भारतांत विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन-पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं सुमारें ७० टक्के डब्यांवर लिहिलेलें प्रोटीनाचें प्रमाण आंतील मालाशीं जुळलें नाहीं, आणि कांहींत बुरशीपासून होणारें विषहि सांपडलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें भारतीयांसाठीं आहाराचे नियम प्रसिद्ध केले. अशा पावडरी टाळाव्यात, आणि मोठ्या प्रमाणांत दीर्घकाळ प्रोटीन घेतल्यास हाडें व मूत्रपिंडें ह्यांना अपाय संभवतो, असा इशारा त्यांत आहे. ज्याला मूत्रपिंडाचा विकार आहे त्यानें तर वैद्याला विचारल्याशिवाय डबा उघडूंहि नये. स्पर्धेंत उतरणाऱ्यापुढें आणखी एक संकट असतें. निकृष्ट पावडरींत कधीं कधीं निषिद्ध उत्तेजक द्रव्यें मिसळलेलीं निघतात, आणि नियमाप्रमाणें जें शरीरांत सांपडेल त्याचा जबाबदार खेळाडूच. उत्तेजकांनीं काय होतें, हें सायकलच्या इतिहासांत फार कटु रीतीनें नमूद आहे. १३ जुलै १९६७ रोजीं फ्रान्समधील व्हांतू पर्वताच्या चढावर, कडक उन्हांत, इंग्लंडचा विजेता सायकलस्वार टॉम सिम्पसन कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरांत अ‍ॅम्फेटामिन व मद्य ह्यांचे अंश मिळाले. शरीर थकल्याची सूचना देत होतें; औषधानें ती सूचना बंद केली.

ऊन म्हटल्यावर पाण्याचा विचार ओघानें येतो. ठाणें-कल्याणची हवा दमट. घाम येतो पण वाळत नाहीं, आणि त्यायोगें शरीर लौकर थंड होत नाहीं. घामावाटे पाण्याबरोबर मीठहि जातें. अमेरिकेंतील फ्लॉरिडा येथें १९६५ सालीं रॉबर्ट केड ह्यांनीं खेळाडूंसाठीं मीठ-साखरेचें पेय बनविलें, आणि तें पुढें जगभर विकलें गेलें. ह्याच तत्त्वाचा याहून थोर उपयोग डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं १९७१ सालीं बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांच्या छावणींत केला; मीठ-साखरेच्या पाण्यानें त्यांनीं पटकीनें ग्रासलेल्या शेंकडों माणसांचे प्राण वांचविले. साखरेच्या संगतीनें मीठ आणि पाणी आंतड्यांतून लौकर शोषलें जातें, हें त्यांतील रहस्य. मीठ-साखर घातलेलें कोकमाचें सरबत अथवा लिंबाचें सरबत हें त्याचेंच घरगुती भावंड. लांबच्या सफरीहून आलेल्या माणसानें प्रथम हें घ्यावें.

सारांश, दमलेल्या पायांची मागणी क्रमवार आहे. आधीं पाणी आणि मीठ; मग भात, भाकरी, पोहे, गूळ, केळें ह्यांपैकीं पिष्ट व शर्करा देणारें भरपूर अन्न; त्याबरोबर डाळ, उसळ, दूध, ताक, अंडें किंवा मासळी; आणि ह्या सर्वांवर सात-आठ तासांची झोंप. स्नायूंची डागडुजी मुख्यतः विश्रांतींत चालते, आणि झोंप अद्याप कोणास डब्यांत भरतां आलेली नाहीं. इतकें सांभाळूनहि ज्याच्या आहारांत उणीव उरते, त्यानें तज्ज्ञाकडून ती मोजून घ्यावी, परवानाप्राप्त व तपासलेली पावडर विकत घ्यावी, आणि तिला अन्नाची जागा न देतां पूरकाची जागा द्यावी. लीबिगच्या अर्कापासून आजच्या डब्यापर्यंत विक्रेत्यांनीं एकच गोष्ट पुनःपुन्हां केली आहे: शास्त्रांतील खरें वाक्य घ्यावयाचें आणि त्याचा उत्तरार्ध गाळावयाचा. स्नायूंना प्रोटीन लागतें, हा पूर्वार्ध. तें घरच्या ताटांतूनहि मिळतें, हा उत्तरार्ध. सायकलस्वारानें दोन्ही वाचावेत, म्हणजे त्याचे पायहि धड राहतील आणि पैसेहि.